सातवी खार

स्लेटच्या दगडाला नीट अंगाने छिन्नी लावली की तो वहीसारखा उघडतो. चुकीच्या अंगाने लावली की नुसता चुरा होतो.

*

त्रेफान गावात दोन बेकऱ्या होत्या, एक चॅपेलच्या बाजूला आणि एक पुलापलीकडे. पुलापलीकडच्या पावाला चव नसते, असं चॅपेलच्या बाजूचे सगळे सांगत. तो पाव त्यांच्यापैकी कुणीही कधी खाल्ला नव्हता.

*

शाळेची बस. रिकामी. काचांवर आतून वाफ धरलेली. मागच्या सीटवर नऊ वर्षांची एक मुलगी चीजचं सँडविच कडेकडेने कुरतडते आहे, म्हणजे ते जास्त वेळ पुरेल.

*

"छोट्या शोधकांनो, गार्थवेन किल्ल्यात सात लाकडी खारी लपल्या आहेत. तीन बाहेर, चार आत. सातही शोधा आणि बिल्ला मिळवा."

*

संपाच्या काळात खिडकीत लावायचा पुठ्ठा. त्यावर ठळक अक्षरांत: या घरात फितूर नाही. ज्या खिडकीतला पुठ्ठा एखाद्या सकाळी दिसेनासा होई, त्या घराशी गाव बोलणं टाकायचं. काही घरांशी ते अजून टाकलेलं आहे.

*

किल्ल्याच्या दुकानात कप ठेवायला स्लेटचे चौकोनी तुकडे मिळतात. उलटून पाहिलं तर बारीक अक्षरांत लिहिलेलं आहे की दगड ब्राझीलचा.

*

मार्जरीला ऑगस्टमध्ये सत्तर पूर्ण झाली, आणि वाढदिवसाला तिने मागितलं काय, तर सगळ्या कुटुंबाने एक दिवस गार्थवेनला घालवायचा. तिचा मुलगा ग्रॅहम फोनवर "हो हो, मस्त" म्हणून मोकळा झाला. फोन ठेवल्यावर त्याला आठवलं की आपण लग्न कुणाच्या घरात केलंय.

"फक्त बाग," त्याची बायको नेस्टा म्हणाली.

"फक्त बाग."

"आणि झोपाळे. आणि चहा. दारातून आत कुणीही जाणार नाही."

"नेस, लग्न झाल्यापासून ऐकतोय मी हे."

"मग एव्हाना पाठ झालं असेल."

गार्थवेनला किल्ला म्हणतात, पण तिथे कधी लढाई झाली नाही. बुरूज, तट, बाण मारायच्या फटी, सगळं खाणमालक लॉर्डसाहेबांनी हौसेने बांधून घेतलेलं. लढाई झाली ती वर डोंगरात, स्लेटच्या खाणीवर, आणि ती लोकांनी उपाशी राहून केली. नेस्टाचे पणजोबा त्या संपात होते. संपाच्या दुसऱ्या हिवाळ्यात त्यांची थोरली मुलगी गेली. तिला पुरून घरी परतताना खाली किल्ल्याच्या झाडून सगळ्या खिडक्यांत दिवे लागलेले होते. ते बघून पणजी म्हणाली, या घरातलं कुणी तो उंबरठा ओलांडणार नाही. बाई एवढंच बोलली. पुढे संप मोडला, खाण बंद पडली, लॉर्डसाहेबांच्या वारसांनी किल्ला एका संस्थेला देऊन टाकला, संस्थेने तिकीट लावलं, दुकान काढलं. घरातलं कुणी आत गेलं नाही ते नाहीच. बागेला हरकत नव्हती. बागेच्या मागच्या भिंतीशी गावच्या बायका पूर्वीपासून ब्लॅकबेरी तोडत आल्या होत्या. हरकत उंबरठ्याला होती.

नेस्टाचे वडील इद्वल अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. तेही आले होते, विहिणीचा मान म्हणून. पण गाडीतून उतरायचं नाही असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

"इद्वल, चहाला तरी याल ना?" मार्जरीने खिडकीतून वाकून विचारलं.

"चहा आहे." त्यांनी थर्मास दाखवला.

"पण इथून काहीच दिसत नाही हो."

"खाण दिसते," इद्वल म्हणाले, आणि पेपर उघडला.

मार्जरी वाईट बाई नव्हती. सगळा त्रास तोच होता. वाईट असती तर नेस्टाने केव्हाच कडाडून भांडून घेतलं असतं. ती सगळ्याला छान म्हणायची. भिंत छान, कारंजं छान, तुमची भाषा कित्ती छान, कळत नाही पण ऐकायला गाण्यासारखी. नेस्टा वडिलांशी नि मुलांशी वेल्श बोलायची, नवऱ्याशी नि सासूशी इंग्रजी, आणि राग तिला दोन्ही भाषांत यायचा.

पहिली खार कारंज्यापाशी सापडली, दुसरी तबेल्यात, तिसरी तोफेच्या तोंडात. ग्वेनोने, म्हणजे नेस्टाच्या आठ वर्षांच्या मुलीने, प्रत्येक खारीपुढे पेन्सिलीने फुली मारली.

"आता चार आत आहेत, आई."

"मग आपल्या तीनच."

"तीनला बिल्ला नाही मिळत."

"मी देते तुला बिल्ला."

"तू दिलेला तो बिल्ला नसतो."

का जायचं नाही हे ग्वेनोला ठाऊक होतं. आजोबांनी, तिच्या ताइदनी, तिला शेजारी बसवून तो पुठ्ठा दाखवला होता. फितूर म्हणजे कोण हेही सांगितलं होतं: आपली माणसं बाहेर उपाशी उभी असताना जो त्यांच्या दारातून आत जातो, तो. मुलीने ते मनावर घेतलं होतं. म्हणूनच तिने हट्ट धरला नाही, नुसता कागद घडी करून खिशात ठेवला, आणि ते बघून नेस्टाला एकदम कुणाला तरी मारावंसं वाटलं. कुणाला ते कळेना.

मग पाऊस आला. आडवा, डोंगरावरून येतो तसला. त्याच वेळी ग्वेनोच्या धाकट्या भावाला, चार वर्षांच्या टुमला, शू लागली. नेस्टा त्याला घेऊन तबेल्यामागच्या रांगेत जाऊन उभी राहिली. रांग लांब होती आणि टुम एका पायावर नाचत होता.

*

"चौथी खार जेवणघरात आहे. या मेजावर दर रविवारी नऊ पदार्थ वाढले जात. तुम्हाला त्यातलं काय आवडलं असतं?"

*

नेस्टा परत आली तेव्हा ग्रॅहम आइस्क्रीमच्या गाडीच्या छपराखाली एकटाच उभा होता. तिला बघून त्याने आधी आइस्क्रीमकडे पाहिलं.

"ग्वेनो कुठाय?"

"आई घेऊन गेली. पाऊस होता गं."

"कुठे घेऊन गेली?"

त्याने कोनावरून उतरणारा ओघळ चाटला.

"ग्रॅहम, मी विचारतेय कुठे."

"चार खारींचा प्रश्न होता. ती पोरगी इतकी गप्प बसली होती की आईला वाईट वाटलं."

"तुझ्या आईला वाईट वाटलं." नेस्टाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि तू काय करत होतास, व्हॅनिला की चॉकलेट?"

"नेस, ते घर आहे. सोफे आहेत, गालिचे आहेत. तिला काय चावणार आहे आत?"

"तुमच्या घरात कसली बंधनंच नाहीत ना, म्हणून तुला दुसऱ्याची मोडताना आवाज येत नाही."

तेवढ्यात मार्जरी पायऱ्यांवरून घाईघाईने उतरताना दिसली. एकटी. हातात ग्वेनोचा रेनकोट.

"ती तुमच्याकडे नाही आली?" ती म्हणाली. "वर झोपायच्या खोलीत होतो आम्ही. तिने मला विचारलं, ग्रॅनी, आपण दारातून आलो का? मी म्हटलं, मग काय खिडकीतून येणार? हसत म्हटलं गं. आणि वळून बघते तर नाही."

नेस्टाने टुमचा हात नवऱ्याच्या हातात कोंबला आणि ती पायऱ्या चढून गेली. शेवटच्या पायरीवर तिचे पाय थांबले.

दारात पाहुण्यांचं स्वागत करायला, कोटावर संस्थेचा बिल्ला लावून, एम्लिन उभा होता. पुलापलीकडच्या बेकरीवाल्यांचा एम्लिन. त्याचा पणजोबा संप सोडून दुसऱ्या वर्षी कामावर परतला होता. चार पोरं होती त्याला, आणि चारही जगली. एम्लिनने आयुष्यभर गावात टपाल वाटलं. नेस्टाच्या घरी तो पत्रं फाटकाच्या खांबावर ठेवून जायचा, वर दगड ठेवून. तिच्या घरातलं त्याच्याशी कुणी बोलत नसे. तरी आता तो बोलला, वेल्शमध्ये, हळू आवाजात.

"सापडली आहे ती. युवराजांच्या पलंगाखाली आहे, अगदी भिंतीला चिकटून. बाहेर येत नाही."

"लागलंय का तिला?"

"नाही. रडतेय. इथल्या बायका इंग्रजीतून समजावतायत, ती वेल्शमधून उत्तर देतेय, म्हणून मला वर बोलावलं होतं."

"काय म्हणतेय?"

एम्लिनने आपल्या बुटांकडे पाहिलं. "म्हणतेय, मी आता फितूर झाले. ताइदना सांगू नका."

पाऊस नेस्टाच्या मानेवरून आत उतरत होता. समोर उंबरठा होता, मधोमध झिजून खोलगट झालेला, निळसर, आपल्याच डोंगराचा. आत दिवे होते. कुणीतरी हसत होतं. एक बाई बाबागाडी घेऊन तिच्या बाजूने "सॉरी" म्हणत आत गेली, किती सहज.

"ये आत," एम्लिन म्हणाला. "जिन्याने वर, उजवीकडे."

"मला माहीत नाही कुठे काय आहे ते. आणि माहीत करून घ्यायचंही नाही."

"मग मी जाऊन आणतो उचलून."

"तू माझ्या पोरीला हात लावायचा नाहीस." आणि मग तिच्या तोंडून ते गेलंच. "तुमच्या घरच्यांना दारं उघडून द्यायची सवयच आहे."

एम्लिनचा चेहरा हलला नाही. "हो," तो म्हणाला. "आणि तुमच्या घरच्यांना बाहेर उभं राहायची. पोरगी मात्र आत आहे."

ग्रॅहम टुमला आईकडे सोपवून धावत आला. तिच्याकडे न बघता आत गेला, धडधड जिना चढला. नेस्टा उभीच राहिली. आपण काय करतोय ते तिला दिसत होतं. आपली मुलगी एका परक्या पलंगाखाली रडते आहे आणि आपण एका दगडाशी भांडत उभ्या आहोत, हे तिला अगदी स्वच्छ दिसत होतं. तरी पाय उचलेना. तिने उचलून पाहिला. तो मागेच पडला.

ती नऊ वर्षांची असताना शाळेची सहल इथेच आली होती. वडिलांनी बाईंना चिठ्ठी दिली होती. अख्खा वर्ग आत गेला आणि ती बसमध्ये बसून राहिली. काचेवरची वाफ पुसली की हेच दार दिसायचं. मुली चिलखतं बघून आल्या आणि पुढे कितीतरी दिवस मधल्या सुट्टीत चिलखतांवरच बोलत राहिल्या, आणि तिला मध्ये बोलायला काही नव्हतं. घरी गेल्यावर वडिलांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, शाबास. इद्वल शाबास म्हणणारे नव्हेत. त्याआधी कधी म्हणाले नव्हते, नंतरही नाही. ती एक शाबासकी तिने इतकी वर्षं जपली होती. सणाला काढायची, पुसायची, परत ठेवायची.

*

"पाचवी खार शोधताना वर पाहा. सहावी झोपली आहे. श्श. युवराज या पलंगावर एकच रात्र झोपले, पण पलंग त्यांच्यासाठीच घडवला होता."

*

ग्रॅहम खाली आला. गुडघ्यांना धूळ.

"लाथा मारतेय. माझं ऐकत नाही. तू ये, नेस."

"तिला म्हणावं, आई चिडलेली नाही."

"तू वर येऊन म्हण. मी काय पोस्टमन आहे?"

एम्लिन खोकला.

"नेस, ती आठ वर्षांची आहे."

"मी नऊची होते," नेस्टा म्हणाली, आणि ते ग्रॅहमला कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं.

आणि मग तिच्या मागून पायऱ्यांवर काठी वाजली.

मार्जरीने गाडीपाशी जाऊन सांगितलं होतं. तिला वाटलं, आजोबांना कळायला हवं. तिच्या दृष्टीने विषय तेवढाच होता. इद्वल पायऱ्या चढून आले, डोक्यावर कॅप, हातात काठी, दुसऱ्या हातात भिजलेली छत्री. धाप लागली होती. ते नेस्टाकडे बघत नव्हते.

"बाबा," ती म्हणाली. "मी आणते तिला. तुम्ही थांबा."

"किती वेळ झाला?"

ती पायरीच्या कडेला सरकली.

"ओल्या छत्र्या इथे," एम्लिन म्हणाला. दिवसभर प्रत्येकाला म्हणत होता, सवयीने निघून गेलं. म्हटल्यावर तो स्वतःच दचकला. इद्वलना तो आयुष्यात पहिल्यांदा काही म्हणत होता.

इद्वलनी त्याच्या हातात छत्री दिली. "कुठल्या बाजूला?"

"जिन्याने वर. उजवीकडे."

आणि इद्वल आत गेले. थबकले नाहीत, खाली पाहिलं नाही. दगडावर काठी टेकली, पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, गेले. कॅप तेवढी डोक्यावरच राहिली. पूर्वी या दालनात खाणीच्या माणसाने कॅप हातात घेतल्याशिवाय उभं राहायचं नसे, आणि ती काढायला त्यांना कुणी सांगितलंही नाही.

ग्रॅहम त्यांच्या मागोमाग वर गेला. नेस्टा बाहेर राहिली. घरातल्या मोठ्यांपैकी आता ती एकटीच बाहेर होती.

तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. एवढंच होतं तर. एवढं सोपं होतं. काठी, एक पाऊल, दुसरं पाऊल.

ते तिघं बऱ्याच वेळाने आले. ग्वेनोच्या केसांत जळमटं, इद्वलच्या कोटाला पुढून वरपासून खालपर्यंत धूळ. पाठीमागून ग्रॅहम, चेहऱ्यावर हसू दाबून.

"तुझे वडील सरळ पोटावर झोपले आणि सरपटत आत शिरले," तो म्हणाला. "दोरी लावलेली होती, त्या बाई नको नको म्हणत होत्या. बाहेर नुसते बूट दिसत होते."

"ताइद पलंगाखाली आले," ग्वेनो म्हणाली. तिचं नाक वाहत होतं. "मी म्हटलं मी फितूर आहे. तर ते म्हणाले, सरक थोडी, आता दोघं आहोत."

सगळे गाडीपाशी आले. मार्जरीने सगळ्यांना पुदिन्याच्या गोळ्या वाटल्या. नेस्टाने आपली गोळी मुठीत धरली, आणि इद्वल पुढचं दार उघडायला लागले तसं तिने ते दार परत लावलं.

"मला बसमध्ये बसवलंत."

"नेस्टा."

"नऊ वर्षांची होते मी. चिठ्ठी लिहून दिलीत. आणि ती झाली आठ वर्षांची, तर लगेच पोटावर झोपलात."

"ती रडत होती."

"मीही रडत होते. तुम्ही तिथे नव्हतात, एवढाच फरक."

इद्वलनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. वेल्शमध्ये चाललं होतं, तरी मार्जरीने दुसरीकडे तोंड फिरवलं. सूर कुठल्याही भाषेत कळतो.

"तेव्हा माझा बाप जिवंत होता," ते म्हणाले. "मेलेली होती ती त्याची बहीण. त्याच्यादेखत मी तुला आत धाडायला हवं होतं?"

"तो जिवंत होता. मीही जिवंतच होते, बाबा."

इद्वल खाणीकडे बघत राहिले.

"आणि शाबास म्हणालात," नेस्टा म्हणाली. "निदान तेवढं म्हणायला नको होतं."

"आई," गाडीतून ग्वेनोचा आवाज आला. "सातवी राहिली. स्वयंपाकघरातली."

नेस्टाने गोळी चिखलात फेकली आणि वळली. ग्रॅहमने हाक मारली असेल. ती पाण्याच्या डबक्यांतून सरळ चालत गेली, वळणाचा रस्ता सोडून हिरवळीवरून, जिथे चालू नये अशी पाटी होती. पायऱ्या चढली. एम्लिनने तिला येताना पाहिलं आणि तो न बोलता बाजूला झाला. उंबरठ्याशी तिचे पाय पुन्हा थांबू लागले, पण या वेळी तिने त्यांना विचारलंच नाही.

आत काही नव्हतं. गालिचे, हरणांची डोकी, जळक्या लाकडाचा नि मेणाचा वास. चिलखतं होती दोन, आणि ती तिच्याहून बुटकी निघाली. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. यांच्यासाठी. या दोन पत्र्याच्या बुटक्यांसाठी.

स्वयंपाकघर तळघरात होतं. तांब्याची भांडी ओळीने. सातवी खार सर्वांत मोठ्या पातेल्यामागे बसली होती, शेपटीचा रंग उडालेला, खाली बुडाला डिंकाने चिकटवलेला कागदाचा तुकडा. एक मुलगा तिच्याकडे बोट दाखवून आईला ओढत होता. ती दोघं पुढच्या खोलीत जाईपर्यंत नेस्टा थांबली. मग तिने खार उचलली आणि कोटाच्या खिशात घातली. चोरी तिने आयुष्यात पहिल्यांदा केली.

दारात एम्लिनने तिच्या फुगलेल्या खिशाकडे पाहिलं. शेपटी बाहेर आली होती.

"तुझ्या वडिलांची छत्री राहिली," तो म्हणाला, आणि छत्री पुढे केली.

तिने घेतली. आभार मानावेत असं तिच्या मनात आलं आणि तिने ते मानले नाहीत. एका दिवसात किती मोडायचं.

गाडीत तिने खार ग्वेनोच्या मांडीवर टाकली. "घे. झाल्या सात."

ग्वेनोने ती हातात धरली, उलटी करून पाहिली. मग आईकडे पाहिलं, अगदी शाळेतल्या बाई बघतात तसं.

"आई, ती घ्यायची नसते. नुसती बघायची असते."

पुढच्या सीटवर इद्वलच्या खांद्यात काहीतरी हललं. हसू असेल किंवा खोकला. नेस्टाने गाडी सुरू केली आणि गियर इतक्या जोरात टाकला की टुम रडायला लागला.

त्या दिवशी सकाळी, दिवसभर गाडीतच बसून राहायचं ठरलेलं असताना, इद्वलनी रविवारी चॅपेलला घालायचे काळे बूट काढून, पॉलिश करून घातले होते.